एक लाल, एक हिरवी

मुलाच्या कपाळापासून कानापर्यंत एक हिरवी रेघ गेली होती. फोटो मी स्वतः स्कॅन केला होता आणि तेव्हा तो स्वच्छ होता. आता त्या मुलाची आई प्रूफ हातात धरून माझ्या टेबलासमोर उभी होती.

"हे काय हो बाई? माह्या पोराले कावीळ झाल्यावानी दिसून राह्यलं."

"प्रिंटर बिघडला असेल. दुसरं काढून देते."

"अन् ते शेती लिवलं ना, ते काढा. शेतीपूरक व्यवसाय करा."

"काय व्यवसाय करतो?"

"शेतीच करते. पण शेती लिवली तर पोरगी कोन दाखवते?"

मी शेतीपूरक व्यवसाय लिहिलं. त्या वर्षांत असे बदल रोज व्हायचे. मुलीकडच्यांच्या अपेक्षेत 'नोकरीवाला, शेती असल्यास उत्तम' हे इतक्या वेळा यायचं की मी ते एकदा टाइप करून ठेवलं होतं आणि नुसतं चिकटवत होते. म्हणजे शेत हवं, शेतकरी नको. मला त्यावर मत द्यायचं नव्हतं. मला पानं लावायची होती.

काम होतं आमच्या समाजाच्या वधूवर सूचीचं. अमरावतीत घराच्या पुढच्या खोलीत माझं टायपिंग आणि लग्नपत्रिकांच्या अक्षरजुळणीचं दुकान होतं. माझी धाकटी जाऊ अकोल्याला, जठारपेठेत, तेच काम करायची. समाजाच्या मंडळाने सूची आम्हा दोघींना वाटून दिली होती: अमरावतीकडची घरं माझ्याकडे, अकोल्याकडची तिच्याकडे. शेवटी सगळी पानं मी एकत्र करून अमरावतीच्या छापखान्यात द्यायची. मेळाव्याच्या दिवशी सूची लोकांच्या हातात असली पाहिजे, एवढी एकच अट. ती पाळली तर मंडळाचं पुढचं सगळं काम आमचं. नाही पाळली तर काम एका मोठ्या प्रेसला जाणार होतं, आणि तो प्रेसवाला मंडळाच्या सचिवांना रोज चहा पाजत होता, हे मला कळलं होतं.

हिरवी रेघ प्रिंटरमुळे नव्हती, हे मला त्या बाई पायरी उतरायच्या आतच कळलं. पडद्यावरही तीच रेघ होती.

त्याचं मूळ शोधायचं तर थोडं मागे जावं लागेल. एवढे फोटो एकदम उघडले की आमची दोघींची कॉम्प्युटरं बसून जायची. दोन्ही एकाच वेळी, एकाच माणसाकडून जोडून घेतलेली, आत सगळं सारखं. जुनी रॅम काढून मोठी घालायची, असं आम्ही ठरवलं. सासरे, त्यांना आम्ही दोघी मामाजी म्हणायचो, वरूडजवळ गावी राहायचे. संत्र्याचा बगीचा होता आणि मालाबरोबर नागपूरला त्यांची फेरी असायचीच. त्यांना कागदावर लिहून दिलं की दुकानदाराला फक्त दाखवा. रॅमच्या दोन-दोन पट्ट्यांची जोडी मिळते, तशा दोन जोड्या. त्यांनी नागपुरातून फोन केला. "आनली तुमची रॅम. लाल कोट घातलेली हाय, फस्कलास माल हाय."

जाऊ तेव्हा गावीच होती. परतताना ती दोन्ही पाकिटं घेऊन माझ्याकडे मुक्कामाला थांबली, सकाळी माझं पाकीट मला दिलं आणि अकोल्याची बस धरली.

मी पाकीट उघडलं तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. पहिली, पाकीट आधी कुणीतरी उघडून पुन्हा पिन मारून बंद केलं होतं. मूळच्या कडेवर कापल्याची खूण होती. दुसरी, आत एक पट्टी लाल पत्र्याचा कोट घातलेली होती आणि दुसरी उघडी, हिरवी, साधी. मामाजींनी तर लाल कोट सांगितला होता. तरी मी दोन्ही पट्ट्या बसवल्या. कॉम्प्युटर सुरू झाला, सुरुवातीला पळालाही. मग दुपारून अडकला. मग निळा पडदा. मग सुरूच होईना, नुसता शिट्ट्या मारायचा. आणि मग त्या रेघा.

दुरुस्तीवाला आमच्या गल्लीच्या टोकाला होता. चित्रा चौकात त्याच्या भावाचं घड्याळाचं दुकान, आणि याचं मागे कॉम्प्युटरचं. त्याने पट्ट्या काढल्या, शाळेतल्या खोडरबराने त्यांचे सोनेरी दात घासले, पुन्हा बसवल्या.

"भाभी, लाइट का लफडा है. इतकं भारनियमन, व्होल्टेज वरखाली. पॉवर सप्लाय बदलून टाका."

"पॉवर सप्लाय जुन्या रॅमवर नीट चालत होता."

"हौ, ते पन खरं आहे."

"या दोन पट्ट्या वेगळ्या आहेत ना?"

"अलग कंपनी हैत, पन दोन्ही एकाच जातीच्या. बसल्या ना बराबर? सगळे चालवते, भाभी. मी सोता चालवतो."

तो नवा पॉवर सप्लाय विकायला बघतोय, अशी शंका मला आली आणि मी तो घेतला नाही. त्याच्याकडून रॅम तपासायची सीडी तेवढी मागून आणली. त्या सीडीने कॉम्प्युटर चालू केला की तो स्वतःलाच प्रश्न विचारत बसायचा. चूक सापडली की पडद्यावर लाल ओळी. मधेच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. मी स्वयंपाक करता करता तपासणी लावली. फक्त लाल पट्टी: एकही चूक नाही. फक्त हिरवी: एकही चूक नाही. लाल पट्टी दुसऱ्या खाचेत घातली: ठीक. हिरवी दुसऱ्या खाचेत: ठीक. दोन्ही एकत्र घातल्या की पडदा लाल ओळींनी भरून जायचा.

म्हणजे दोन्ही पट्ट्या चांगल्या, दोन्ही खाचा चांगल्या. एकत्र आल्या की बिघाड. असा प्रकार मी सासरी पाहिला होता, त्यामुळे नवल वाटलं नाही. कारण मात्र उघड होतं. या दोन पट्ट्या एका जोडीच्या नव्हत्या. कुणीतरी माझी जोडी फोडली होती.

पाकिटं कुणाच्या हातून आली? जावेच्या. पाकीट उघडलेलं होतं? होतं. तिच्या मशीनमधली जुनी पट्टी हिरवी, साधी होती? असणारच, माझीही होती. हिशोब साधा होता. तिने माझी एक लाल पट्टी काढून घेतली आणि आपली जुनीच काहीतरी माझ्या पाकिटात सरकवली. तिचं मशीन पळणार, माझं रखडणार. माझी पानं उशिरा झाली की मंडळ काम काढून तिला देणार. ती सगळीच सूची मागते आहे, असं मला सचिवांच्या बायकोने आधीच सांगितलं होतं. त्या बाईचं सांगणं मी एरवी मनावर घेत नसे. त्या आठवड्यात घेतलं.

नवऱ्याला सांगितलं. त्याने पेपर खाली न करता म्हटलं, "तिला विचार ना सरळ."

"आणि ती हो म्हणेल?"

"मग नको विचारू."

लग्नानंतर इतकी वर्षं याच तोडीचे सल्ले मिळत आले आहेत.

मी फोन केला, पण सरळ विचारलं नाही. चोराला सरळ विचारलं की तो सावध होतो.

"काय म्हणते तुझं मशीन?"

"मस्त चालून राह्यलं, जाऊबाई. तुमचं?"

"माझंही मस्त. फोटो कसे भराभर उघडतात."

"हौ ना. माहे तर पापणी लवायच्या आत."

तिचा आवाज जरा जास्तच गोड होता. जावेचा आवाज मी ओळखते. ती खोटं बोलते तेव्हा वाक्याच्या शेवटी श्वास घेते. तिने श्वास घेतला. पण चोरी लपवायला घेतला, असं मी धरलं. दुसरं काही लपवण्यासारखं तिच्याकडे असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मी जुनी रॅम परत घातली आणि हळूहळू काम सुरू केलं. एक फोटो उघडायचा, भाजीला फोडणी द्यायची, मग दुसरा. या वेगाने मेळाव्यापर्यंत अर्धीही पानं होणार नव्हती.

आणि मग सचिव अकोल्याला जाऊन आले. जावेने तिच्याकडच्या पहिल्या पानांची सीडी त्यांच्या हाती माझ्याकडे पाठवली होती. ते खुर्चीत बसून राहिले, मी सीडी उघडली. पहिलं पान ठीक. दुसरं ठीक. तिसऱ्या पानावर एक मुलगी, बी.एस्सी., अपेक्षा नोकरीवाला, आणि तिच्या गालावरून ओठांवर उतरलेली हिरवी रेघ.

सचिवांनी चष्मा वर केला. त्या मुलाच्या आईची तक्रार त्यांच्या कानावर गेलेली दिसत होती. "अकोल्यालाही प्रिंटर बिघडला का हो तुमचा?"

"तपासते," मी म्हटलं.

"तपासा, तपासा. ते प्रेसवाले म्हणत होते, अजूनही घेतो म्हणे ते काम."

ते गेल्यावर मी ती मुलगी पुन्हा पाहिली. माझ्या मशीनमध्ये आता जुनी रॅम होती, म्हणजे रेघ माझ्याकडे पडलेली नव्हती. ती अकोल्यातच फोटोत शिरली होती. चोराच्या घरी नुसत्या लाल पट्ट्या असतील, तर त्याच्या घरी हा रोग कसा? आणि रोग आहे तर ती 'पापणी लवायच्या आत' कशाला म्हणाली?

यावर फोनवर बोलण्यात अर्थ नव्हता. फोनवर तिला तयारीला वेळ मिळाला असता. मी दोन्ही पट्ट्या त्यांच्या चंदेरी पिशव्यांत घातल्या, त्या पिशव्या कोरड्या डब्यात ठेवल्या आणि सकाळच्या एसटीने अकोल्याला निघाले. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा शेजारच्या बाईने डबा बघून विचारलं, "काय आनलं, चिवडा?" मी हो म्हटलं. तिला वाटलं, मी एखादा घास पुढे करीन. शेवटपर्यंत ती माझ्याकडे बघत राहिली.

जावेच्या घराचं दार उघडं होतं. ती जमिनीवर बसली होती. कॉम्प्युटरचं डबडं आडवं, त्याची एक बाजू काढलेली, आणि टेबलफॅन थेट आत वारा मारत होता. मला पाहून ती उठली नाही.

"तुमी काहून आल्या?"

"तुझं मस्त चाललेलं मशीन बघायला."

"बघा मंग." तिने पंखा बाजूला सरकवला. "गरम होते म्हने. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, पंखा लावा. तीन दिवस झाले, मशीनले वारा घालून राह्यली. नवऱ्याले कधी घातला नाही."

मी वाकून आत पाहिलं. आत एक पट्टी लाल होती, एक हिरवी.

"तुझी दुसरी लाल कुठे आहे?" मी विचारलं.

"तेच मी तुमाले इचारनार होती."

"मला?"

"हौ, तुमाले. माही पिशवी रातभर तुमच्या घरी होती. सकाळी पाकीट पाह्यलं तं फोडलेलं. पिन मारलेली. मी बसमधेच पाह्यलं. म्हटलं, वा रे जाऊबाई! लाल सवताले ठेवली अन् मले हिरवी टिकवली."

"म्हणून फोनवर मस्त म्हणालीस?"

"तुमाले आनंद काहून देऊ? अन् तुमी काय म्हनल्या? भराभर उघडते!"

मी डबा उघडून दोन्ही पिशव्या तिच्या पुढ्यात ठेवल्या. एक लाल, एक हिरवी. तिने त्या उलटून पालटून बघितल्या, मग डब्यात पुन्हा डोकावली.

"अजून काही नाई ना यात?"

"चिवडा आहे म्हणून सांगितलंय बसमध्ये. तोही नाही."

ती हसली नाही, मीही नाही. दोघींना अजून खात्री नव्हती. आपण मूर्ख ठरलो की फसवले गेलो, हे आधी कळायला हवं होतं. तिने तिच्या पट्ट्या काढल्या. चारही सतरंजीवर मांडल्या. लाल कोटांवरच्या चिठ्ठीवर वेगाचा आकडा ८०० लिहिलेला होता, दोन्हींवर तेच, खालचा बाकीचा आकडाही तोच. हिरव्यांवर ६६७, आणि त्यांचाही बाकीचा आकडा एकमेकींशी जुळत होता. म्हणजे लालांची एक जोडी होती आणि हिरव्यांची एक. कुणाचीच पट्टी चोरीला गेली नव्हती आणि कुणाची जुनी घुसली नव्हती.

आम्ही दोन लाल घातल्या. मी पर्समधून आणलेली तपासायची सीडी लावली आणि चहा ठेवला. जाऊ दर थोड्या वेळाने जाऊन पडदा बघून यायची. एकही लाल ओळ नाही. मग दोन हिरव्या. तेही ठीक. मग मी मुद्दाम एक लाल, एक हिरवी घातली. चहाचा कप तोंडाला लावेपर्यंत पडदा लाल झाला. एका जोडीचा वेग एक, दुसरीचा दुसरा. एकत्र बांधल्यावर मशीन दोघींना एकाच चालीने चालवू बघायचं, आणि त्यात कुणाचा तरी पाय अडखळायचा.

"मंग फोडल्या कोनं?" जाऊ म्हणाली.

दोघींच्या मनात एकदमच आलं. ती फोन लावायला उठली. स्पीकरवर टाकला.

"मामाजी, ते रॅमचे पाकीट तुमी उघडले होते का?"

"मीनंच उघडले. काहून? काही खराब निघालं का?"

"एक लाल, एक हिरवी कशी झाली?"

"मीनंच केली ना पोरी!" मामाजींचा आवाज खूष होता. "त्या दुकानदाराकडे लाल एकच जोडी होती. दुसरी साधी देल्ली. आता एकीले दोन लाल अन् एकीले दोन साध्या देल्ल्या असत्या, तं तुमी दोघी माह्या नावानं बोटं मोडल्या असत्या. म्हनून एक लाल, एक हिरवी तुले. एक लाल, एक हिरवी थोरलीले. बराबर वाटनी. पिना बी मीनंच मारल्या, रस्त्यात सांडू नाई म्हनून."

"सांगितलं काहून नाई?"

"सांगितलं असतं तं दोघी इचारल्या असत्या, आमाले लाल दोन काहून नाई."

 आम्ही खरोखरच विचारलं असतं.

आणि मामाजींना दोष द्यावा तर कसा? त्यांनी दुसरं काय पाहिलं होतं? त्यांच्या वडिलांनी जमीन वाटली ती अशीच. चार भावांत चार शेतं होती. एकेकाला एकेक देऊन मोकळं होता आलं असतं. पण एक शेत भारी काळ्या मातीचं, एक बरड, एकाला विहीर, एक नाल्याकडचं. कुणाला बरड गेलं असतं तर तो जन्मभर बाकीच्यांशी बोलला नसता. म्हणून प्रत्येक शेताचे चार उभे पट्टे पाडले. प्रत्येकाला थोडी काळी, थोडी बरड, विहिरीची पाळी. कुणावर अन्याय नाही. मामाजींच्या पट्ट्यात ट्रॅक्टर वळवायचा तर शेजारच्या भावाच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चाक जायचं, आणि त्यावरून दरवर्षी भांडण. पण वाटणी बरोबर होती, एवढं सगळे मान्य करायचे.

फोन ठेवल्यावर जावेने विचारलं, "आता लाल कोनाकडं?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, आणि मी उत्तर आधीच करून ठेवलं होतं. तरी मी तिला आधी बोलू दिलं.

"तुमी न्या," ती म्हणाली.

इतक्या पटकन का म्हणाली? मी तिच्याकडे पाहिलं. वाक्याच्या शेवटी श्वास घेतला नव्हता.

"नको," मी म्हटलं. "तूच ठेव. पण मग सगळे फोटो तुझ्याकडे. माझ्या अमरावतीच्या घरांचेही. मजकूर सगळा माझ्याकडे. तुझ्या अकोल्याचाही."

तिने पंखा बंद केला. ती काय तोलत होती ते मला कळत होतं. अर्धं-अर्धं वाटलेलं काम आपापल्या घरी असतं. एक बिघडली तर दुसरीचं नाव राहतं. अशा वाटणीत मात्र दोघींपैकी एकीने हात आखडला तर सूचीच निघत नाही. मी तिच्या फोटोंवर आणि ती माझ्या मजकुरावर अवलंबून. सचिवांच्या बायकोने काय काय सांगितलं होतं, ते मी तिला विचारलं नाही. तिलाही त्या बाईने माझ्याबद्दल काहीतरी सांगितलं असणार, हे मला तेव्हा सुचलं आणि पुढे ते खरं निघालं.

"मले चालते," ती म्हणाली. "पन अपेक्षेत मी लिहिलेलं बदलू नका. माह्या पोरींच्या आया लै कटकट करते."

"तू फोटो गोरे करू नको. माझ्या मुलांच्या आया त्याहून जास्त करतात."

मी हिरवी जोडी डब्यात घालून परतीची बस धरली. माफी तिने मागितली नाही, मीही नाही. दोघींनी एकमेकींवर सारखाच संशय घेतला होता, तेव्हा तो हिशोब तिथेच फिटला.

सूची मेळाव्याच्या सकाळी आली, छापखान्यातून गरम. कुणाच्याही तोंडावर रेघ नव्हती. त्या शेतीपूरक व्यवसायवाल्या मुलाची आई मला मंडपात भेटली, पान उघडून दाखवत म्हणाली, "आता बरा दिसते पोरगा." मामाजीही आले होते, फेटा घालून. त्यांनी सूची हातात घेतली, वजन बघितलं.

"बराबर वाटून केलं ना दोघींनी?"

"हो मामाजी," आम्ही एकदमच म्हणालो.

मंडळाचं काम आमच्याकडेच राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात मामाजींनी आपल्या दोन मुलांत वाटणीचा विषय काढला. बोअर आटत चालले होते, संत्र्याची झाडं वाळत होती, हातपाय चालतात तोवर उरकतो म्हणाले. प्रत्येक शेताचे दोन पट्टे पाडायचे, हे त्यांनी ठरवूनच ठेवलं होतं. नवऱ्यांनी माना हलवल्या. आम्ही दोघी मधे बोललो. म्हटलं, पट्टे नको. बगीचा आणि विहीर अख्खी एकाला, खालची काळी जमीन अख्खी दुसऱ्याला. कुणाला काय ते चिठ्ठी टाका.

मामाजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.  दुसऱ्या दिवशी मी गोठ्याकडे गेले तेव्हा त्यांनी मला एकटीला गाठलं.

"धाकटीनं तुले काय कबूल केलं?"

"काही नाही, मामाजी."

संध्याकाळी जाऊ म्हणाली, त्यांनी तिलाही विचारलं. "थोरलीनं तुले काय देल्लं?" तिनेही काही नाही म्हणून सांगितलं.

दोघींचं उत्तर एकच आलं, तेव्हा त्यांची खात्रीच पटली. रात्री जेवताना ते मोठ्या मुलाला म्हणाले, "या दोघी एक झाल्या म्हंजे नक्की काहीतरी गडबड हाय. वाटनी या वर्षी ऱ्हाऊ दे."